लग्नाचा स्लाइडशो अडखळतोय? आधी फोटो तपासा

लातूर-नांदेडकडं मंगल कार्यालयात स्लाइडशो अडकला की सगळे सॉफ्टवेअरला दोष देतात. घोळ बहुतेकदा फोटोंत असतो. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा. फुल एचडी पडद्याला 1920 बाय 1080 पुरतात. 24 मेगापिक्सेलचे तीनशे फोटो टाकल्यावर साधा लॅपटॉप दमणारच. म्हणून मूळ फोटो बाजूला ठेवा, प्रती काढून लांब बाजू 2500 पिक्सेल करा, आणि जेपीईजी म्हणून साठवताना दर्जा (क्वालिटी) 100 पैकी 85 ठेवा. ज्यांना झूम द्यायचाय तेवढेच मोठे राहू द्या.

पाहुण्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायला सांगा. नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो, शिवाय तो काढल्याची तारीख पुसली जाते. मग तारखेनं लावलं की हळद वरातीनंतर येते.

फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसतेय? फोल्डर हललंय. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये फोटो नसतातच, नुसता त्यांचा पत्ता असतो. फोटो, गाणी, प्रोजेक्ट एकाच फोल्डरात ठेवा.

शेवटी स्लाइडशोचा व्हिडिओ एमपी4 फाइल म्हणून काढा, त्यात एच.264 (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) निवडा. फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीची फाइल बसत नाही. आदल्या दिवशी तिथल्याच टीव्हीवर चालवून बघा.