पिकअपच्या एअर फिल्टरआधी प्री-क्लीनर: घरी बसवायची पद्धत

एक लिटर डिझेल जाळायला किमान 10,000 लिटर हवा लागते. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्तच हवा ओढतं, म्हणून दीडपट धरा. दिवसाला दहा लिटर डिझेल खाणारी पिकअप दीड लाख लिटर हवा पोटात घेते. ती हवा उसाच्या फडातून निघणाऱ्या पाणंद रस्त्यावरची, खडी क्रशरजवळची किंवा मुरुमाच्या कच्च्या वाटेवरची असेल, तर कागदी फिल्टर काही दिवसांतच गच्च होतो. मग गाडीचा जोर कमी पडतो, चढाला काळा धूर येतो.

यावर बाजारात सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे एअर फिल्टरचा मूळ डबा काढून तेल लावलेला कॉटनचा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावणं. धुळीत चालणाऱ्या मालवाहू गाडीला तो अजिबात लावू नका. कागदापेक्षा तो बारीक धूळ जास्त सोडतो, आणि 5 ते 20 मायक्रॉनची हीच धूळ पिस्टन रिंग आणि लायनर घासून काढते. त्यातलं तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं की बीएस-6 गाडीचं सगळं गणित चुकतं. शिवाय उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा 3 अंशांनी तापली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते, म्हणजे ताकदही वाढत नाही.

डब्यातला कागदी एलिमेंट, म्हणजे धूळ गाळणारा भाग, आहे तसाच ठेवायचा. त्याच्याआधी प्री-क्लीनर लावून जाड धूळ पकडायची आणि त्याच्यानंतर कुठे फट राहू द्यायची नाही. खालची मापं 2.5 लिटरच्या टर्बो डिझेलसाठी आहेत. बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं इंजिन याच मापात येतं.

आधी फटी शोधा

फिल्टरनंतर फट असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. इंजिन बंद आणि थंड असताना डब्यापासून टर्बोकडे (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे) जाणारा होज सोडा. स्वच्छ पांढरं फडकं बोटाला गुंडाळून होजच्या आतून फिरवा. ते कोरडं किंवा किंचित तेलकट आलं तर ठीक. पिवळट-तपकिरी माती आली, बोटं चोळल्यावर करकर लागली, तर धूळ आत जातेच आहे. डब्याच्या झाकणाची क्लिप सैल असणं, एलिमेंटच्या कडेचं रबर एका बाजूने दबलेलं असणं, होजला वळणाच्या आतल्या बाजूने चीर जाणं ही नेहमीची कारणं. होज दोन्ही हातांनी वाकवून पाहा, चीर तेव्हाच दिसते.

या बाजूला सिलिकॉन सीलंट कधीही लावू नका. वाळलेला तुकडा सुटला की थेट टर्बोच्या पंख्यात जातो. होज बदला, क्लिप बदला.

प्री-क्लीनरचं माप

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पारदर्शक वाटी असलेली टोपी दिसते, तोच प्री-क्लीनर. तिरप्या पात्यांमुळे हवा गोल फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन वाटीत पडतात. हवेला पुरेसा वेग असेल तरच हे घडतं. फार मोठा घेतला तर हवा फिरतच नाही, लहान घेतला तर इंजिनाचा श्वास कोंडतो.

हिशोब सोपा आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरतं. 2.5 लिटर गुणिले मिनिटाच्या 3000 फेऱ्या भागिले 2, म्हणजे मिनिटाला सुमारे 3.8 घनमीटर. टर्बो आणखी हवा कोंबतो, पण दाबाने ती तापते आणि सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, त्यामुळे 5 घनमीटर धरून चाला. प्री-क्लीनरवर सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलेलं असेल तर हे साधारण 135 ते 175 सीएफएम होतं. या आकड्याभोवतीचा पल्ला असलेलाच निवडा. लहान ट्रॅक्टरची टोपी इथे अपुरी पडते.

सामान

75 मिमी बाहेरच्या व्यासाचा पाइप सव्वा मीटर, 45 अंशांचे दोन बेंड, आतून तारेचा आधार असलेला रबरी किंवा सिलिकॉन होज अर्धा मीटर, स्टीलच्या होज क्लिपा 8, एम-6 बोल्ट आणि नायलॉक नट 4, पत्र्याच्या कडेला लावायची रबरी बिडिंग, मेटल प्रायमर आणि रंग. हत्यारांत ड्रिल, बिडिंग बसवल्यावरही पाइप जाईल एवढ्या मापाचं होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) आणि अर्धगोल कानस.

63 मिमीचा पाइप शेतावर पडून असतो म्हणून तो वापरायचा मोह होतो. तेवढीच हवा त्यातून न्यायला वेग दीडपट लागतो आणि दाबाचा तोटा दुपटीवर जातो. 90 अंशांच्या एका बेंडऐवजी 45 चे दोन वापरण्यामागेही हेच कारण आहे. पीव्हीसी बॉनेटच्या आत चालत नाही, उष्णतेने मऊ पडून दबतो. बाहेर चालतो, पण उन्हाने ठिसूळ होऊ नये म्हणून रंग द्या.

बसवणी

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. डब्यात हवा जिथून शिरते तो मूळ नळकांडा काढून जपून ठेवा, गाडी पूर्ववत करायची वेळ आली तर लागेल. डब्याचं तोंड फडक्याने बंद करा.

पाइप मडगार्डमधून बाहेर काढून पुढच्या काचेशेजारच्या खांबालगत टपाच्या वर न्यायचा. फुफाटा जमिनीलगत दाट असतो, टपाच्या उंचीवर बराच विरळ. शक्यतो डावी बाजू घ्या, म्हणजे चालकाची नजर अडत नाही. पाइप आरशाच्या बाहेर येऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांविषयी आहे, आणि बॉडीच्या रुंदीबाहेर गेलेल्या वस्तूला पासिंगच्या वेळी हरकत येते. गाडी वॉरंटीत असेल तर मडगार्ड कापण्याआधी तिच्या अटी वाचा.

पुठ्ठ्याचा नमुना कापून मडगार्डवर चिकटवा, बॉनेट लावून-उघडून पाहा, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. पत्र्यामागे वायरिंग नाही याची हाताने खात्री करा. मगच 6 मिमीचं भोक पाडा आणि होल सॉ सावकाश चालवा. कडा कानसेने गुळगुळीत करा, लोखंडाचा कीस चुंबकाने उचला, उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर आणि रंग द्या. हे टाळलं तर पहिल्याच पावसाळ्यात कडेला गंज धरतो. रंग वाळल्यावर बिडिंग बसवा.

खांबाला पाइप दोन ठिकाणी पट्टीने धरा आणि पट्टीखाली रबर घाला. कॅबिन आणि इंजिन वेगवेगळे हलतात, म्हणून पाइप थेट डब्याला न जोडता मध्ये तो अर्धा मीटरचा लवचिक होज हवाच. नाहीतर डब्याचं प्लास्टिक तडकतं. होज मुठीत जोरात दाबून पाहा. सहज चपटा होत असेल तर भरधाव इंजिनात तो आतूनच मिटेल.

डब्याच्या तळाशी चोचीसारखा रबरी व्हॉल्व किंवा बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. पाणी आणि धूळ तिथूनच गळते. या बदलामुळे गाडी पुराच्या पाण्यातून नेण्याजोगी होत नाही.

दाब मोजा

श्वास किती कोंडला ते अंदाजाने कळत नाही. डब्याचं झाकण गाडीवरून काढून, फिल्टरनंतरच्या बाजूला 8.5 मिमीचं भोक पाडा, 1/8 इंची आटे पाडा आणि आतला चुरा धुऊन काढा. झाकण जागेवर असताना भोक पाडलं तर चुरा थेट इंजिनात जाईल. या आट्यांत ट्रॅक्टरचा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर, म्हणजे फिल्टर गच्च झाला की लाल होणारा दर्शक, कायमचा बसतो.

पण आधी गवंड्याच्या लेव्हल पाइपने मोजा. अडीच मीटर पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, प्रत्येक बाजू 1.2 मीटर उंच. निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक कॅबिनपासून डब्यापर्यंत पुरेल एवढ्या जादा नळीने आट्यांना जोडा, दुसरं उघडं ठेवा. बाजू याहून बुटकी ठेवली तर पाणी इंजिनात ओढलं जाऊ शकतं. फळी कॅबिनमध्ये शेजारच्या माणसाकडे द्या, चालकाने तिकडे पाहायचं नाही. उभ्या गाडीत रेस देऊन उपयोग नाही. माल भरून चढावर, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून दोन्ही पातळ्यांतला फरक मोजा.

नवा एलिमेंट घालून, प्री-क्लीनरशिवाय आणि प्री-क्लीनरसह, अशी दोन मोजमापं घ्या. पाण्याच्या पातळीतला फरक 3-4 इंचांनी वाढला तर चालेल. त्याहून जास्त वाढला तर बेंड, होज किंवा टोपीचं माप चुकलं आहे. मॅन्युअलमध्ये कमाल मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. टर्बो डिझेलला ती साधारण 25 इंच, म्हणजे 63.5 सेंमी असते. तिथे पोचल्यावरच एलिमेंट बदला.

नंतरची देखभाल

वाटी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. त्यावर भरू दिली तर धूळ पुन्हा हवेबरोबर उचलली जाते. ऊस आणि वीटभट्टीच्या दिवसांत रोज पाहा, पावसाळ्यात वाटीतलं पाणी काढा.

एलिमेंट टायरवर आपटू नका. टोपण वाकतं, रबर बसत नाही, आणि साफ केलेल्या फिल्टरमधूनच धूळ जायला लागते. पंक्चरच्या दुकानातली हवा जवळून मारली तर कागद फाटतो. हवा मारायचीच तर 30 पीएसआयच्या आत, आतून बाहेर आणि नोझल लांब धरून. नंतर अंधाऱ्या खोलीत एलिमेंटच्या आत पेटता बल्ब धरा. टाचणीएवढा जरी उजेडाचा ठिपका दिसला तरी तो एलिमेंट टाकून द्या. डब्यात आतला दुसरा, छोटा फिल्टर असेल तर तो कधीच साफ करू नका, थेट बदला.

कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर बारीक कण अडवायला मदत करतो. म्हणून रोज झाकण उघडून पाहू नका. दरवेळी उघडताना डब्याच्या कडेची माती आत पडते. इंडिकेटर लाल होईपर्यंत झाकण बंद राहू द्या. पांढऱ्या फडक्याची तपासणी मात्र पहिल्या 500 किलोमीटरनंतर पुन्हा करा, कारण नव्या क्लिपा एकदा तापून-थंडावून सैल पडतात आणि तेव्हा त्या अर्धा-पाऊण फेरा आवळाव्या लागतात.