जुनी मर्सिडीज फिटनेसला नेताय? या चुका टाळा

नव्या हॅचबॅकच्या पैशांत दहा-बारा वर्षांची मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू ५ सीरीज दारात उभी राहते, त्यामुळे मुंबईत अशा गाड्या घेणाऱ्यांची कमी नाही. घेताना सगळे सनरूफ उघडून बघतात, सीटला मेमरी आहे का ते विचारतात. आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख मात्र कुणी वाचत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ हा नूतनीकरणाचा अर्ज भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं. हीच गाडी टुरिस्ट परमिटवर असेल तर ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी फिटनेस आणि त्यानंतर दरवर्षी. पीयूसी बीएस ४ आणि बीएस ६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षभर चालते, त्याआधीच्यांना सहा महिने.

इंजिन बसलं म्हणून या गाड्या तपासणीत अडकल्या, असं फार क्वचित होतं. अडकतात त्या वर्षभर दुर्लक्ष करून आदल्या आठवड्यात केलेल्या जुगाडामुळे.

आदल्या रात्री दिवा घालवणे

ही सगळ्यात लाडकी चूक. मीटरवर एबीएसचा नाहीतर ब्रेकचा दिवा लागलाय, उद्या अपॉइंटमेंट आहे, म्हणून कोणीतरी स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड पुसतो. दिवा जातो आणि मालक निर्धास्त झोपतो.

कोड पुसला म्हणजे गाडीची स्मृती पुसली. बिघाड जिथल्या तिथे राहतो. काही बिघाड इग्निशन चालू करताच पुन्हा तपासले जातात, काही गाडी चालल्यावरच. चाकाचा स्पीड सेन्सर कमजोर असेल तर उभ्या गाडीत दिवा लागत नाही. चारही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघायला गाडीला थोडा वेग लागतो. म्हणजे आरटीओच्या रांगेत मुंगीच्या चालीने सरकताना सगळं छान दिसतं आणि निरीक्षक ‘जरा पुढे घेऊन ब्रेक मारा’ म्हणाला की दिवा हजर.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे डब्ल्यू२११ (हा कंपनीचा पिढी सांगणारा क्रमांक) ई-क्लास, त्यातही २००६ च्या बदलाआधीची. या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. पेडल दाबलं की सेन्सर सांगतो, पंपाने साठवलेला दाब चाकांपर्यंत जातो. हे युनिट ब्रेक किती वेळा लागला ते मोजत असतं आणि ३,००,००० च्या आसपास पोचलं की वर्कशॉपमध्ये जाण्याचा लाल संदेश देतं. आता मुंबईचा हिशोब करा. सायन ते बीकेसी एका फेरीत पाय पेडलवर किती वेळा जातो? मीटरवर ८० हजार किलोमीटर दिसले तरी ब्रेकच्या मोजणीत ती गाडी म्हातारी असते. ‘कमी चाललेली’ म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

अशी एक गाडी दादरची. २००५ ची पेट्रोल, दुसऱ्या नूतनीकरणाची वेळ. लाल संदेश अधूनमधून यायचा. गॅरेजवाल्याने कोड पुसून दिला आणि वर ‘साहेब, आता काही टेन्शन नाही’ हेही सांगितलं. रांगेत दीड तास, एसी फुल, इंजिन आयडलला, बॅटरी चार वर्षांची. नंबर लागेपर्यंत व्होल्टेज इतकं घसरलं की संदेश परत आला. गाडी परत पाठवली गेली. मग बॅटरी बदलली, पण फक्त डिकीतली मोठी. या गाडीत इंजिनाच्या बाजूला एक छोटी सहायक बॅटरीही आहे, तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. दुसरी खेप वाया. तिसऱ्या वेळी कोड पुसण्याआधी कुणीतरी तो नीट वाचला. तेव्हा कळलं की युनिटचा काळ संपल्याचा कोड पहिल्या दिवसापासून तिथेच होता. तीन अपॉइंटमेंटा आणि एक बॅटरी खर्ची घालून शेवटी युनिटच बदलावं लागलं.

मोजणी शून्यावर आणून देणारे लोक मुंबईत आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. हे युनिट बंद पडलं की फक्त पुढच्या चाकांना, तेही पायाचा जोर लावून, ब्रेक उरतो. परळच्या उतारावर हे कळण्यात मजा नाही. आणि या गाडीचे ब्रेक पॅड बदलताना स्कॅनरने एसबीसी आधी निष्क्रिय करायचं. दार उघडलं किंवा लॉक उघडलं तरी पंप आपणहून दाब देतो. त्या वेळी बोटं कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, असली तर ती परत पहिल्यासारखी मिळत नाहीत.

चांगली सवय अशी: आधी मल्टिमीटर, मग स्कॅनर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा किंवा बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. व्होल्टेज ठीक असल्याशिवाय आलेल्या कोडांवर विश्वास ठेवू नका, कारण भुकेल्या बॅटरीवर जर्मन गाडी दहा खोटे कोड दाखवते. मग कोड वाचून फोटो काढा, दुरुस्ती करा, त्यानंतरच पुसा आणि निदान तीन दिवस गाडी रोजच्यासारखी चालवून पुन्हा वाचा. हे सगळं अपॉइंटमेंटच्या पंधरा दिवस आधी.

मीटरचा दिवाच काढून टाकणारे महाभागही आहेत. इग्निशनला सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागायला हवेत, हे निरीक्षकाला तुमच्यापेक्षा आधी माहीत असतं.

थंड इंजिनावर पीयूसी

घराखालच्या पंपावर जायचं, दोन मिनिटांत पीयूसी काढायची, ही घाई डिझेल गाडीला महागात पडते. धुराच्या चाचणीला इंजिन ऑइल किमान ६० अंशांवर हवं. काटा ९० वर आला म्हणजे कूलंट तापलं, ऑइल त्याच्या मागून येतं. वीस मिनिटं चालवून जा. चाचणीआधी दोन-तीनदा ॲक्सिलरेटर देऊन सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी बाहेर जाऊ द्या.

मुंबईत बीएस ४ एप्रिल २०१० पासून आलं. त्याआधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं एकक), बीएस ४ ला ५०. मशीनवाल्याने चुकीचं मानक निवडलं तर निकाल उलटसुलट लागतो, म्हणून आरसी दाखवून एकदा खात्री करा. बीएस ४ पेट्रोलला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३. लॅम्डा १.०३ च्या वर गेला की लोक धडाधड ऑक्सिजन सेन्सर बदलतात. आधी सायलेन्सरचे जोड आणि इंजिनावरचे ब्रीदर होस (आतली वाफ नेणाऱ्या रबरी नळ्या) बघा. ‘कंप्रेसर’ म्हणजे सुपरचार्जरवाल्या ई २०० वर हा होस उष्णतेने बिस्किटासारखा तुटतो. त्याची किंमत सेन्सरच्या तुलनेत चिल्लर आहे.

एक गंमत. डब्ल्यू२१३ ई-क्लासच्या बंपरमधली चकचकीत नळकांडी शोभेची आहेत, खरा पाइप आत खाली तोंड करून आहे. पीयूसीवाला नळी शोभेच्या तोंडात खुपसतो, मशीन हवा मोजतं आणि मालक ‘एकदम क्लीन गाडी’ म्हणून खूश.

बीएस ४ च्या डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, सक्तीचा नव्हता. तुमच्या गाडीत आहे का ते चासिस नंबरवरून शोधा, बीएस ६ मध्ये आहेच. चांगला डीपीएफ असलेल्या गाडीचा धुराचा आकडा जवळपास शून्य येतो. मर्यादेच्या आत पण चांगला वर येत असेल तर सर्टिफिकेट मिळेल, पण फिल्टर तडकलाय किंवा आधीच्या मालकाने आतून पोकळ केलाय असं समजा.

वांद्रे ते अंधेरी एवढंच चालणारी गाडी फिल्टर जाळून साफ करू शकत नाही. त्याला तापलेल्या इंजिनावर सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, रविवारी सकाळी शिवडीहून चिर्ल्यापर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन परत या. टाकी रिझर्व्हवर नको, बहुतेक गाड्यांत तेवढ्यावर सफाई सुरूच होत नाही. थांबल्यावर पंखा जोरात फिरत असेल आणि आयडल किंचित वर असेल तर इंजिन बंद करू नका, काम अर्धं झालंय. आणि ऑइल डब्यावरचं मानक वाचून घाला, मर्सिडीजला २२९.५१, बीएमडब्ल्यूला एलएल-०४. स्वस्त ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते, ती जळत नाही.

बुश लटकत्या चाकावर आवळणे

खडखड येते म्हणून लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) आणि त्यातले रबरी बुश बदलले, आठ महिन्यांत पुन्हा खडखड. मालक पार्टला शिव्या देतो, गॅरेजवाला रस्त्यांना. खड्ड्यांवर ढकलणं सोपं असतं, पण बऱ्याचदा दोष आवळण्याचा. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली येते तेव्हा ते कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं.

गाडी उचलण्याआधी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. नवा आर्म बसवा, बोल्ट हाताने लावा. नकलच्या, म्हणजे चाक बसतं त्या भागाच्या, खाली जॅक देऊन तेच अंतर येईपर्यंत उचला आणि मग टॉर्क रेंचने आवळा. अॅल्युमिनियमच्या आर्मला जिथे कंपनी नवा बोल्ट सांगते तिथे नवाच. शेवटी अलाइनमेंट. यात अर्धा तास जास्त जातो, म्हणून कुणी करत नाही. समोर उभं राहून करून घ्या, गॅरेजवाल्याचं तोंड वाकडं झालं तर होऊ द्या.

बाकीच्या

एअर सस्पेन्शन असलेली, म्हणजे हवेच्या स्प्रिंगवर उभी, एस-क्लास सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की लोक हवा भरणारा कंप्रेसर बदलतात. कंप्रेसर मेला तो गळकं स्ट्रट (चाकावरची हवेची स्प्रिंग) भरता भरता. साबणाचं पाणी मारून गळती शोधा, आधी स्ट्रट, मग कंप्रेसर, आणि कंप्रेसरबरोबर त्याचा रिले (विजेचा स्विच) न विसरता. रिले चिकटला तर नवा कंप्रेसरही रात्रभर चालून जळतो.

पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक असलेल्या मर्सिडीजमध्ये मागच्या डिस्कच्या आत छोटे शू असतात. वर्षानुवर्षं फक्त ‘पी’ वर गाडी लावणाऱ्यांचे हे शू दमट हवेत गंजतात आणि ब्रेक टेस्टरवर आकडाच येत नाही. चाकाचा एक बोल्ट काढून त्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टर फिरवा, चाक अडेपर्यंत, मग ५-६ दाते मागे. इलेक्ट्रिक हँडब्रेकवाल्या गाडीचा मागचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबू नका, स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये न्या.

हेडलाइट पिवळे पडले की टूथपेस्ट घासणं हा आठवडाभराचा खेळ आहे. ८००, १५००, ३००० चे पाणीपेपर आणि वर यूव्ही क्लिअर कोट, एवढं केलं तर दोन पावसाळे निघतात. झेननवाल्या गाडीत प्रकाश झाडावर किंवा बंपरपुढे पडत असेल तर बल्ब बदलू नका, मागच्या आर्मवरच्या हाइट सेन्सरची छोटी दांडी तुटलेली असते. हॅलोजनच्या घरात झेनन किट लावलं असेल तर ते काढूनच जा.

पुढच्या काचेखालच्या खोबणीत गुलमोहराची पानं साठून पाण्याची वाट बंद होते, मग पाणी कार्पेटखाली आणि तिथल्या मॉड्यूलमध्ये. मे अखेरीस खोबणी साफ करा, सनरूफच्या नळीत हवेचा फार दाब मारू नका, ती आतून सुटते.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली नको. पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा.

दिल्लीची स्वस्त डिझेल घेताना एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार असते म्हणून ती स्वस्त असते, आणि इथे कर, नवा नंबर हे सगळं तुमच्या डोक्यावर.

चासिस नंबर कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा. डब्ल्यू२११ आणि डब्ल्यू२१२ मध्ये उजव्या पुढच्या सीटखाली कार्पेटची झडप, बीएमडब्ल्यूत बहुधा उजव्या स्ट्रट टॉवरवर. पेन्सिलने छाप घ्यायची असते. गंज असेल तर थोडं तेल आणि मऊ ब्रश. पॉलिश पेपर मारून आकडे पुसट केलेल्या गाडीचं पुढे काय होतं ते तिच्या मालकालाच विचारा.

फॉर्म २५ मुदतीच्या ६० दिवस आधी भरता येतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर हवा तो पार्ट मिळेलच असं नाही, बाहेरून मागवला तर आठवडे जातात, आणि मुदत उलटली की खासगी कारला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क सुरू. म्हणून ते ६० दिवस फॉर्मसाठी. गाडी लिफ्टवर त्याच्याही महिनाभर आधी चढली पाहिजे.