पहिल्यांदाच पिकाचू काढताय? या चुका टाळा

पोकेमॉन या खेळातला आणि कार्टूनमधला पिकाचू बघताना वाटतं, यात अवघड ते काय? पिवळं गुबगुबीत अंग, लांब कान, लाल गाल आणि विजेसारखी शेपटी. कागदावर उतरला की मात्र त्याचा कधी ससा होतो, कधी अस्वल. तुमचा हात वाईट आहे म्हणून असं होत नाही. पिकाचूच्या अंगावर तपशील फार थोडे आहेत, त्यामुळे त्यातला एक जरी जागचा हलला तरी ओळख पुसली जाते. आणि बहुतेक जण ते तपशील न बघता, आठवणीतून काढायला बसतात.

एक साधी परीक्षा घ्या. पिकाचूच्या शेपटीचं टोक कोणत्या रंगाचं? पुष्कळ जण छातीठोकपणे ‘काळं’ म्हणतात आणि तसंच रंगवतातही. खरं तर शेपटीचं टोक पिवळंच असतं. शेपटी अंगाला जिथे जोडलेली असते तिथे तपकिरी रंग असतो, आणि काळी असतात ती कानांची टोकं. आपलं डोकं कानांचा काळा रंग उचलून परस्पर शेपटीला लावून टाकतं. शाळेतल्या स्मरणचित्राच्या सवयीने ‘न बघता काढलं तरच खरं’ असं अनेकांच्या मनात बसलेलं असतं. पहिल्या प्रयत्नात तो हट्ट सोडा. चित्र समोर ठेवा आणि प्रत्येक रेघेआधी एकदा मान वर करा.

समोर चित्र ठेवायचं, पण एकच. मोबाइलवर शोधलं की शंभर पिकाचू दिसतात आणि ते सगळे सारखे नसतात. 1996 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा पहिला व्हिडिओ गेम आला तेव्हाचा पिकाचू ढेरपोट्या आणि आखूड मानेचा होता. पुढे तो सडपातळ झाला, मान आणि कंबर दिसू लागली. एका चित्रातलं डोकं, दुसऱ्यातलं धड आणि तिसऱ्यातले पाय घेतले की काहीतरी खटकतं, पण काय ते सापडत नाही. माझं स्पष्ट मत असं की पहिल्यांदा जुना, गुबगुबीत पिकाचूच निवडावा. डोकं धडावर कसं बसवायचं हा सगळ्यात किचकट प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही.

कान कागदाबाहेर गेले

हे हमखास होतं. कागदाच्या मधोमध मोठं डोकं काढलं जातं, आणि कानांची वेळ आली की वर जागाच उरत नाही. मग कान आखूड होतात आणि चित्राचं अस्वल होतं. सुरुवातीलाच कानांची टोकं, डोक्याचा माथा, हनुवटी आणि तळपाय अशा खुणा फिकट पेन्सिलीने करून घ्या. कान वगळले तर उरलेल्या उंचीतली निम्म्याच्या आसपास जागा डोकंच घेतं. कान लांबीला जवळपास डोक्याच्या उंचीइतके असतात, शिवाय ते डोक्याच्या बाजूंना नाही, वरच्या दोन कोपऱ्यांवर बसतात. दोन्ही कान ताठ उभे केले तर चित्र अवघडल्यासारखं वाटतं. एक थोडा बाजूला झुकवून बघा.

चेहरा ओळखीचा वाटत नाही

इथे घाई करू नका, कारण पिकाचू म्हणजे त्याचा चेहरा. नवशिके सगळ्यात आधी एक डोळा काढतात, तो मन लावून रंगवतात आणि मग दुसरा डोळा त्याच्याशी जुळेना म्हणून खोडरबर झिजवतात. त्याऐवजी डोक्याच्या गोलात एक उभी आणि एक आडवी मार्गदर्शक रेघ काढा, दोन्ही डोळ्यांच्या जागा एकदमच ठरवा, आणि दोन्ही डोळे थोडेथोडे करत बरोबरच पुढे न्या. दोघांमध्ये अंतर भरपूर ठेवा. डोळे जवळ आले की चेहरा लबाड दिसतो. नाक म्हणजे अगदी बारीक ठिपका, त्याच्या लगेच खाली तोंड. हे तोंड ३ चा आकडा आडवा पाडल्यासारखं असतं आणि छोटं असतं.

गालांची जागा सगळ्यात जास्त चुकते. लाल गोल नाकाच्या शेजारी आले की तो विदूषक वाटतो. पिकाचूची रचना करणाऱ्या अत्सुको निशिदा यांनी गालांची कल्पना खारीवरून घेतली होती. खार दाणे गालात साठवते तेव्हा गाल कुठे फुगतात ते आठवा: डोळ्यांच्या खाली आणि बाहेरच्या अंगाला, जवळजवळ चेहऱ्याच्या कडेपाशी. तिथेच ते लाल गोल येतात.

डोळे निर्जीव वाटत असतील तर त्यातला पांढरा ठिपका राहिला असणार. तो नंतर रंगवायचा नसतो, काळा भरतानाच कागद कोरा सोडायचा असतो. राहूनच गेला तर पांढऱ्या जेल पेनाचा एक ठिपका पुरतो.

चेहरा तिरपा झालाय असं वाटतं पण कळत नाही? कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागून बघा. कुठली बाजू घसरलीय ते लगेच दिसतं.

शेपटीबद्दल एवढंच: तिची रुंदी सगळीकडे सारखी नसते. बुडाशी बारीक, टोकाकडे रुंद. आधी नागमोडी नाही, तर कोनांची वाकडीतिकडी एकच रेघ काढा आणि मग तिला रुंदी द्या. 2006 च्या खेळांपासून मादी पिकाचूच्या शेपटीच्या टोकाला बदामासारखी खाच दिसते. तुमच्या समोरचं चित्र नेमकं कुणाचं आहे तेही बघून घ्या.

पिवळा रंग मळला

रेखाटन छान जमतं आणि रंगात सगळं बिघडतं, याचं फार वाईट वाटतं. पिवळा हा सगळ्यात नाजूक रंग. पेन्सिलीच्या गडद रेघांवरून तो फिरवला की शिसं त्यात मिसळतं आणि हिरवट करडा मळ पसरतो. म्हणून रंगाआधी खोडरबर घासू नका, नुसता दाबून उचलत रेघा जेमतेम दिसतील इतक्या फिकट करा.

स्केचपेन वापरत असाल तर क्रम पाळा: आधी पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर लाल आणि तपकिरी, सगळ्यात शेवटी काळी आऊटलाइन. उलट केलंत तर पिवळ्या पेनाचं टोक काळी शाई ओढून घेतं, आणि मग पुढचा प्रत्येक फटका मळकट येतो. टोक तसं झालंच असेल तर रद्दी कागदावर रंग पुन्हा स्वच्छ येईपर्यंत घासत राहा. सावली द्यायला काळा वापरू नका, पिवळ्यावर तो शेवाळी दिसतो. नारिंगी किंवा फिकट तपकिरी घ्या, तोही फक्त पोटाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली.

रेघा केसाळ येत असतील, म्हणजे एका रेघेच्या जागी दहा तुकडे, तर मनगट टेकवून नव्हे, खांद्यापासून हात फिरवा. कागदही सोयीने वळवा.

खोडून खोडून कागदाचे तंतू वर आले असतील तर त्याच कागदावर रंगवायला जाऊ नका. तिथे रंग जास्त शोषला जातो आणि डाग उठतात. जे जमलंय, समजा चेहरा आणि कान, तेवढं खिडकीच्या काचेवर ठेवून नव्या कागदावर उतरवून घ्या, आणि शेपटी पुन्हा समोरच्या चित्राकडे बघत काढा.