टोमॅटोची फुलं गळतात? आधी परागकण बघा

ठाण्यात एप्रिल-मेमध्ये गॅलरीतला टोमॅटो फुलतो, पण फळ धरत नाही. फुलं देठासकट टपटप गळतात. जीव हळहळतो, पण खत वाढवू नका. दिवसा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात. त्यात दमट हवेत ते चिकटून बसतात, झडतच नाहीत. म्हणून दुपारी हिरवी जाळी लावा. सकाळी दहाच्या सुमारास, हवा जरा कोरडी झाली की फुलाच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारा. खाली काळा कागद धरा, बारीक पिवळी भुकटी दिसेल. नाही दिसली तर तासाभराने पुन्हा. खरं तर इथे रोपं ऑक्टोबरात लावावीत. डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात फळ चांगलं धरतं.