हॉर्सशू क्रॅबची अंडी उबवायचीत? तापमानाआधी खारटपणा सांभाळा

हॉर्सशू क्रॅब म्हणजे घोड्याच्या नालेसारखं कवच असलेला समुद्री प्राणी. त्याची अंडी कुठून आणायची, परवानगी कुणाची घ्यायची, डिश कशा धुवायच्या, हे सगळं झालंय असं धरून चालते. समुद्राचं पाणी नसेल तर मरीन सॉल्ट (मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ) वापरा, जेवणातलं मीठ नको कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतंच. पाणी आदल्या दिवशी बनवा आणि हवेचा पंप लावून रात्रभर फिरू द्या.

फलन सोपं आहे. नराचं वीर्य पाण्यात पातळ करून अंड्यांवर सोडायचं, थोडा वेळ थांबायचं, मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. अमेरिकन जातीचे शुक्राणू मायक्रोस्कोपखाली पाण्यात नुसते पडून दिसतात म्हणून लोक घाबरतात आणि मेले समजून फेकून देतात. ते अंड्याजवळ पोचल्यावरच वळवळायला लागतात, तेव्हा आधी अंड्यांवर सोडा आणि मग काय तो निकाल द्या.

आता खारटपणा, मला सगळ्यात जास्त दमवलं ते याच टप्प्याने, आणि फालतू सल्ले पण इथेच सगळ्यात जास्त मिळतात. पहिला सल्ला असतो, "समुद्र 35 पीपीटी असतो म्हणून 35 ठेवा" (पीपीटी म्हणजे हजार भाग पाण्यात किती भाग मीठ). अहो, हे प्राणी अंडी खोल समुद्रात घालत नाहीत, किनाऱ्यावरच्या वाळूत घालतात, खाडीच्या तोंडाशी घालतात, तिथे पाऊस पडला की खारटपणा उतरतो आणि ऊन तापलं की चढतो. गर्भ चिवट असतो, 35 लाही वाढतो, पण अमेरिकन जातीसाठी 20 ते 30 पीपीटी आणि 25 ते 30 अंश सेल्सियस यात वाढ छान होते, आणि मी खारटपणा 28-30 पीपीटी धरते. 10 च्या आसपास उतरलं किंवा 40 च्या वर गेलं तर गर्भ लगेच मरतील असं नाही पण वाढ रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या अंड्यांवर बुरशी चढायला भरपूर वेळ मिळतो.

पण आकडा कोणता धरला यापेक्षा तो टिकला का हे बघा. उथळ डिशमधून पाणी उडतं, मीठ मात्र तिथेच राहतं. 30 पीपीटीचं 50 मिली पाणी घेतलं आणि त्यातलं 10 मिली उडालं की उरलेलं पाणी 37.5 झालं, आणि डिशकडे बघून तुम्हाला काही कळणार नाही. त्यात कुणीतरी सांगतं की कमी झालं तर समुद्राचंच पाणी भरा. मुळीच नाही! उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, आरओ किंवा डिस्टिल्ड, आणि तेही थेट अंड्यांवर ओतायचं नाही, कडेने थेंबथेंब. खरं तर रोज सगळंच पाणी बदला, आधी मोजून तयार ठेवलेल्या त्याच बाटलीतलं, म्हणजे ही भानगडच नको. झाकण ठेवा, अंडी एकाच थरात ठेवा, पांढरी पडलेली अंडी रोज काढा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, पण दर वेळी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून घ्या आणि जमलं तर नेमक्या 35 पीपीटीच्या तयार द्रावणावर पण तपासा, कारण साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेलं यंत्र समुद्राच्या पाण्याला थोडं चुकीचं दाखवतं. तरंगणाऱ्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो, मी ते वापरतच नाही.

अंडं फुगतंय म्हणून घाबरू नका. बाहेरचं जाड कवच फुटतं, आतलं पारदर्शक आवरण पाणी आत घेऊन ताणतं, आणि आत छोटं पिल्लू गोल गोल फिरताना दिसतं. अमेरिकन जातीत उबवणीला दोन ते चार आठवडे धरा, आशियाई जातींना जास्त, सहा आठवडेही लागतात.

पूर्ण वाढलेली पिल्लं कधीकधी बाहेरच येत नाहीत. किनाऱ्यावर लाटांची घुसळण, वाळूचं घासणं, अचानक उतरलेला खारटपणा यांनी त्यांना इशारा मिळतो, तुमच्या डिशमध्ये यातलं काहीच नाही. आधी थोडी धुतलेली वाळू घालून डिश हलकेच फिरवा. तरी नाही आली तर, आणि फक्त आत जोरात फिरणारी पिल्लं असतील तरच, काही तास 20 पीपीटीच्या पाण्यात ठेवा, पाणी आत शिरून आवरणावर ताण येतो आणि ते फुटतं, मग परत 30 ला आणा. "लवकर फुटावीत म्हणून पहिल्या दिवसापासूनच पाणी पातळ ठेवा" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, कारण पातळ पाण्याने वाढीचा वेग वाढत नाही, तयार पिल्लाला फक्त ढकलायचं काम ते करतं.

बाहेर आलेल्या पिल्लाला शेपटी नसते आणि पोटात पिवळा बलक असतो, खायला काही देऊ नका, पाणी सडतं. कात टाकून शेपटी आली की आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) पिल्लं द्या, आणि ती आधी गाळून धुवून घ्या, नाहीतर त्यांच्या उबवणीचं खारट पाणी पण डिशमध्ये जाईल.