नॅनो शिकवायला घेण्याआधी

आठवी ते दहावीच्या वर्गावर नॅनोतंत्रज्ञान घ्यायचं असेल तर सगळ्यात आधी एक अख्खी तासिका मापांसाठी राखून ठेवा. त्यात प्रयोग नको, व्हिडिओ नको, फक्त मापं. मागच्या वेळी मी "एवढं येतंच की मुलांना" म्हणून ती गाळली. प्रयोग झकास झाले, टाळ्या पडल्या आणि घटक चाचणीत निम्म्या वर्गाने लिहिलं, "नॅनोकण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू." तेव्हा मापांचं पालुपद खाली पुन्हा पुन्हा येईल, ते सहन करा.

महिना आधी ठरवा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचा मोह होतो, पण तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा असतात आणि प्रयोगशाळा मिळत नाही. श्रावण बरा, कारण बाजारात अळू भरपूर असतं. ते कशाला ते पुढे येईल. मुख्याध्यापकांची परवानगी, वेळापत्रकातली अदलाबदल वगैरे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मापं. गणिताच्या बाईंना आधी गाठा आणि ऋण घातांक शिकवून झालाय का ते विचारा. झाला नसेल तर थांबा, खरंच थांबा. झाला असेल तर प्रत्येकाला १० सेंटिमीटरची कागदी पट्टी द्या आणि निम्मी, मग निम्म्याची निम्मी अशी कापायला सांगा. सातव्या-आठव्या कापाला कात्री हरते, उरलेला तुकडा नखावर चिकटून बसतो. नॅनोमीटरपर्यंत (मीटरच्या अब्जाव्या भागापर्यंत) जायला असे साधारण २७ काप लागतात, हे त्याच क्षणी सांगायचं. आधी सांगितलंत तर ती नुसती संख्या राहते.

मग केस, तांबडी रक्तपेशी, जिवाणू, विषाणू, डीएनए आणि अणू यांच्या चिठ्ठ्या वाटा व मुलांना लहान-मोठ्या क्रमाने उभं करा. पेशी आणि अणू हमखास शेजारी उभे राहतील. लगेच दुरुस्त करू नका, भांडू दे त्यांना. त्यानंतर आकडे: केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड, रक्तपेशी सुमारे ७ हजार, जिवाणू हजार-दोन हजार, बरेचसे विषाणू शंभरच्या आसपास, डीएनएची रुंदी २. अणू त्याहून लहान, एका नॅनोमीटरच्याही आत. नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे कण. जंतू आणि नॅनोकण यांचा घोळ इथेच मिटतो, पुढे कुठेही मिटत नाही.

याच तासिकेत घनाचा हिशेब उरका. १ सेंटिमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १ नॅनोमीटरच्या घनांमध्ये कापला तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ६० गुंठे. गावाकडच्या मुलांना गुंठ्यात सांगा, डोळे विस्फारतात. बारीक कण रासायनिक क्रियेत इतके चपळ का, याचं निम्मं उत्तर या ६० गुंठ्यांत आहे.

"सूक्ष्मदर्शकातून दाखवा ना" ही मागणी येणारच, उत्तर तयार ठेवा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे शाळेतल्याच काय, चांगल्यातल्या चांगल्या साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकालाही २०० च्या खालचे बारकावे वेगळे दाखवता येत नाहीत. मग शास्त्रज्ञ पाहतात कसे? सुईचं टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवून चाचपतात. असं पहिलं यंत्र बिनिग आणि रोरर या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये झुरिकला केलं, १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वर्गात दाखवायला फ्रिजवर चिकटवायची लवचिक चुंबकपट्टी पुरते. तिचा एक कडेचा तुकडा कापून पट्टीच्या मागच्या बाजूवर ओढा. एका दिशेने हाताला ठक्-ठक् धक्के बसतात, दुसऱ्या दिशेने गुळगुळीत जातो. न दिसणारे चुंबकीय पट्टे बोटांना कळतात.

अळू त्याच दिवशीचं, देठासकट आणा आणि पानाच्या वरच्या बाजूला हात लावू देऊ नका. चीक लागला तर खाजतं, हे वेगळं. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. मग पानाचा एक भाग अंगठ्याने चोळा, तिथे पाणी पसरतं. पानावरच्या बारीक उंचवट्यांवर मेणाची नॅनो आकाराची नक्षी असते, ती आपण पुसली. मापांची तासिका झालेली नसेल तर मुलं "पान तेलकट आहे" म्हणून मोकळी होतात.

सोन्याचं कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे नॅनोकण, शाळेत बनवायच्या फंदात पडू नका. त्यासाठी लागणारं क्लोरोऑरिक आम्ल महाग आणि दाहक, आणि भांडी जराशी जरी अस्वच्छ असली तरी सगळं वाया. ओळखीच्या महाविद्यालयातून बंद बाटलीत तयार मागवा. लालबुंद असतं. त्यात लेझरचा झोत सोडून टिंडल परिणाम (कणांवर प्रकाश विखुरल्याने झोताची वाट दिसणं) दाखवा, झोत डोळ्यांत जाणार नाही हे स्वतः उभं राहून बघा. मग थोडं काढून घेऊन त्यात मिठाचं पाणी घाला, ते जांभळट-निळं होतं. कोणीतरी म्हणेलच, "हळदीला साबण लागल्यावर होतं तसंच ना?" नाही! हळदीत रासायनिक बदल होतो, इथे सोनं सोनंच राहिलं. मिठामुळे कण एकमेकांना चिकटले, गठ्ठ्याचं माप वाढलं आणि रंग बदलला. माप. पुन्हा माप. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने सोन्याच्या अशा कलिलांवर १८५७ मध्येच लिहिलं होतं. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये गवती चहाचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण केल्याचं प्रसिद्ध केलं. हे सांगाच, परसातल्या गवती चहाकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

नॅनो युरियाची, म्हणजे पानांवर फवारायच्या द्रवरूप खताची, बाटली कोणीतरी शेतातून आणणारच. तिला टाळू नका. २०२१ मध्ये तो आला तेव्हा ५०० मिलीलिटरची बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेते असा दावा होता. फळ्यावर मांडा: तेव्हाच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र, गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून जास्त. पानातून शोषण चांगलं होतं, असं बाजू घेणारे म्हणतात. कृषिशास्त्रज्ञांत यावर वाद आहे. निकाल तुम्ही देऊ नका.

कोरडी नॅनोपूड ऑनलाइन स्वस्तात दिसते. वर्गात अजिबात नको, उडाली की थेट फुप्फुसात. जे दाखवायचं ते द्रवातलंच.

बाकी किरकोळ. चाचणीत व्याख्या विचारू नका, क्रम लावायला सांगा. पाहुणे बोलावले तर चाळीस मिनिटांची ताकीद द्या, आणि मापांची तासिका त्यांच्या आधी, नंतर नाही. उरलेलं कलिल बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीसकट महाविद्यालयाला परत करा. चुंबकपट्ट्या मोजून घ्या, खिशातून घरी जातात.