कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं चुकतंय? या चुका टाळा

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी हाताने तारीख-वेळ टाकायची आणि मग कामाला लागायचं, ही सवय कोल्हापुरात कितीतरी दुकानांत बघतो. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) ३ व्होल्टचा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. कॉम्प्युटर शटडाऊन केला पण भिंतीवरचा स्विच चालू असला, तर एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून) थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. दुकान बंद करताना आपण मेन स्विच पाडतो (पाडावाच), आणि मग उतरलेला सेल सकाळपर्यंत तारीख विसरतो.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून फोन आला. नेट बंद, जीएसटीची साइट उघडेना, ई-वे बिल अडकलेलं, माल भरून गाडी दारात उभी. मी पोचेपर्यंत नवा राउटर बसवून झाला होता आणि कामावरचा पोरगा विंडोज फॉरमॅट करायला बसला होता. बॅकअप? नव्हता. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं, तर तारीख १ जानेवारी २०१५. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याला, सुरुवातीची आणि मुदतीची तारीख असते. कॉम्प्युटर २०१५ मध्ये असेल तर त्याच्या हिशेबाने आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर साइट उघडू देत नाही. तारीख नीट केली, बिल निघालं, गाडी सुटली. सेल नंतर बदलला. "साहेब, रोज वेळ लावतच होतो की, आज तेवढी राहिली," पोरगा म्हणाला. म्हणूनच सांगतो, घाईत फॉरमॅटला हात घालू नका. आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

सेल गेलाय का हे विंडोजमध्ये बघून कळेलच असं नाही, कारण नेट मिळालं की थोडी चुकलेली वेळ आपोआप जुळते आणि दुखणं झाकलं जातं. रात्री स्विच बंद ठेवा आणि सकाळी आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जाऊन वेळ बघा. तिथे चुकली असेल तर सेल बदला. तिथे बरोबर असेल तर सेलला हात लावू नका.

सेल काढण्याआधी मी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. सेटिंग पुसली गेली तर बूट ऑर्डर (कॉम्प्युटर कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचा तो क्रम) आठवत बसावं लागत नाही. सीआर२०३२ मिळाला नाही म्हणून सीआर२०२५ बसवू नका. तो पातळ असतो, खाचेत ढिला बसतो. आणि स्क्रूड्रायव्हरने उपटू नका, बाजूला खिट्टी असते ती दाबा.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलचा काही दोष नाही. इंजिनिअरिंगची पोरं विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकतात, तिथे हे हमखास होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वर साडेपाच तास मिळवतं. मग लिनक्सने नेटवरून वेळ सुधारून यूटीसी लिहिली की विंडोज साडेपाच तास मागे. दर वेळी काटे हलवणं हा उपाय नव्हे. मी लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल कमांडने लोकल टाइम लावून देतो, प्रश्न मिटतो.

टाइम झोन चुकीचा असताना नुसते तास बदलणं हीसुद्धा तसलीच पळवाट.

मागच्या तारखेचं व्हाउचर टाकायचं म्हणून कॉम्प्युटरची तारीख मागे नेणारेही आहेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एफ२ हे बटण आहे. घड्याळाला हात लावायचं कारणच नाही.

'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करूनही वेळ जुळत नाही, ही तक्रार नेहमीची. घड्याळ १५ तासांपेक्षा जास्त चुकलेलं असेल तर कंपनीच्या सर्व्हरला न जोडलेलं विंडोज सहसा ते आपणहून दुरुस्त करत नाही. आधी तारीख आणि तास हाताने साधारण बरोबर टाका, टाइम झोन प्लस साडेपाच ठेवा, मग 'सिंक नाऊ' दाबा.